जुन्या मोटारबसचा जीर्णोद्धार

जुनें तें सोनें ही म्हण सर्वांच्या तोंडीं असते. पण जुन्या मोटारबसच्या बाबतींत तिचा प्रत्यय भंगारवाल्यालाच तेवढा येतो. आयुष्य संपलेली गाडी त्याच्या आवारांत आली कीं तिच्या पोलादाचें, पत्र्याचें व इंजिनाचें वजन होतें, आणि थोड्याच दिवसांत गाडी म्हणून तिचें नांवही उरत नाहीं. क्वचित् एखादा हौशी गृहस्थ मात्र अशा गाडीपाशीं थांबतो. ती पूर्वीसारखी पुन्हां रस्त्यावर धांवावी असें त्याला वाटतें. आणि तिच्यांत निजावयाची सोय व लहानसें स्वयंपाकघर करून सहलीस जावें असेंही वाटतें. या दोन्ही इच्छा एकाच हौसेच्या पोटीं जन्मल्या असल्या तरी त्यांची दिशा एक नाहीं. पहिलीला जीर्णोद्धार म्हणावें, दुसरीला रूपांतर. यांपैकीं कोणतें काम हातीं घ्यावयाचें हें पहिला स्क्रू काढण्यापूर्वीं ठरलें नाहीं, तर पैसा, वेळ आणि गाडी हीं तिन्ही वायां जातात.

असें कां व्हावें हें समजण्यासाठीं जुनी बस जन्मास कशी येत असे तें पाहिलें पाहिजे. मोटारींचा कारखाना बहुधा संपूर्ण बस विकीत नसे. तो विकी तें चेसिस. म्हणजे दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, आणि त्यांवर बसविलेलीं इंजिन, गिअरपेटी, स्प्रिंगा व चाकें. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्यांची जुळणी सुरू केली. परंतु चेसिसवर बॉडी चढवीत ते सुतार, लोहार व पत्रेकाम करणारे येथलेच कारागीर. त्यामुळें एकाच कारखान्याच्या, एकाच सालच्या दोन बसगाड्या दिसावयास अगदीं निराळ्या असत. बसचें यंत्र परदेशी असलें तरी तिचें रूप देशी हातांचें होतें, ही गोष्ट हौशी मनुष्यानें विसरूं नये.

एस. टी.चा इतिहास याचीच साक्ष देतो. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) अशी तिची पहिली गाडी सुटली. ती बेडफर्ड बनावटीची होती. त्या वेळच्या गाड्यांची बॉडी लांकडी, आसनें काथ्याचीं, आणि रंग निळा व रुपेरी. शेव्हर्लेट, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, लेलँड इत्यादि दहा बनावटी ताफ्यांत होत्या. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मॉरिस कमर्शियलच्या चेसिसवर बांधलेल्या ‘नीलकमल’ व ‘गिरिआरोहिणी’ या दोन आरामगाड्या पुणें-महाबळेश्वर मार्गावर आल्या. त्यांत पडदे, घड्याळ आणि हिरवट कांचा होत्या. पुढें पोलादी बॉडी व गादीचीं आसनें आलीं. किनाऱ्याच्या दमट हवेंत पोलाद गंजतें म्हणून १९६० सालीं ॲल्युमिनियमचा उपयोग होऊं लागला, आणि निळा रंग जाऊन तांबडा आला. विदर्भांतील सरकारी मोटारसेवा १९६१ सालीं महामंडळांत विलीन झाली. अशा रीतीनें लांकूड, पोलाद व ॲल्युमिनियम हे जणुं बसच्या वयाचे तीन टप्पेच होत. आणि जीर्णोद्धाराची रीत गाडी कोणत्या टप्प्यावरची आहे यावर ठरते.

काम कोणत्याही गाडीचें असो, आरंभ हत्यारानें करूं नये; वही, फूटपट्टी व कॅमेरा घेऊन करावा. प्रत्येक सांध्याचें छायाचित्र घ्यावें, प्रत्येक फळीची व पत्र्याची मापें लिहावीं, आणि काढलेल्या वस्तूला चिठ्ठी बांधावी. कुजलेली फळीसुद्धां टाकूं नये, कारण नव्या फळीचा नमुना तीच. जुना रंग एकदम खरवडूं नये. एखाद्या आडोशाच्या जागीं बारीक पॉलिशकागदानें हलकेंच घासलें, तर रंगांचे थर एकामागून एक वलयांसारखे उघडे पडतात. तांबड्याखालीं निळा निघाला तर गाडीचा पूर्वेतिहासच हातीं लागतो.

वर्षानुवर्षें उभें असलेलें इंजिन तत्काळ सुरू करण्याचा मोह आवरावा. पेट्रोल इंजिन असेल तर प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडावें, तें एकदोन दिवस मुरूं द्यावें, आणि मग हँडलनें इंजिन हळूहळू फिरवावें. अडलेली पिस्टनकडी जोरानें सुटली तर सिलिंडरवर ओरखडा उमटतो आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनीं वाढतो. ब्रेकमधील रबराच्या सर्व वस्तु, पाण्याच्या नळ्या व विजेच्या तारा चांगल्या दिसल्या तरी बदलाव्या. टायरची पारख नक्षीवरून न करतां वयावरून करावी. उभ्या गाडीचा टायर न झिजतांच कडक होऊन तडकतो. चेसिसला चिरा बहुधा रिव्हेटांच्या भोंकांपाशीं व स्प्रिंगांच्या आधारांपाशीं पडतात. त्या स्वच्छ करून नीट पाहाव्या, आणि तेथील वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावें.

लांकडी बॉडीच्या बाबतींत चंद्रपूर-गडचिरोली भागांतील हौशी मनुष्य मोठा भाग्यवान. ऊर्जानगर ही औष्णिक वीजकेंद्राची वसाहत. त्यामुळें फिटर, वेल्डर, टर्नर यांची विद्या येथें घरोघर परिचयाची. आणि आलापल्ली व बल्लारपूर या सागवानासाठीं नांवाजलेल्या जागा तेथून दूर नाहींत. २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिरासाठीं सागवान गेलें तें बल्लारपूरच्या आगारांतूनच. विलायतेंतील बॉडी बांधणारे ॲश नांवाचें लांकूड वापरीत, परंतु उष्ण देशांत सागवान श्रेष्ठ ठरलें. त्यांत नैसर्गिक तेल असल्यामुळें वाळवी व ओल यांस तें दाद देत नाहीं. आणि ओकच्या लांकडांतील आम्ल जसें लोखंडी खिळा खातें, तसें सागवान खात नाहीं. मात्र लांकूड पुरतें मुरलेलें असावें. चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा ४७ अंशांपर्यंत चढतो आणि पाठोपाठ धो धो पाऊस येतो. या फरकानें कच्चें लांकूड आधीं आटतें, मग फुगतें. सांधे उघडतात आणि वरचा पत्रा सुरकुततो. सागवान आणतांना वनखात्याचा वाहतूक परवाना बरोबर असावा हें सांगणें नलगे.

ॲल्युमिनियमच्या बॉडीचा शत्रु निराळा. पोलादी खांबावर ॲल्युमिनियमचा पत्रा सरळ टेकला आणि मध्यें ओल शिरली, तर त्या दोन धातूंमध्यें विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते व ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपानें झिजूं लागतें. म्हणून दोहोंमध्यें रंगाचा जाड थर किंवा रबराची पट्टी द्यावी. नुसत्या नव्या पत्र्यानें हें दुखणें बरें होत नाहीं.

आतां रूपांतराकडे वळूं. येथें कौशल्याच्या आधीं कायदा येतो. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपुस्तकांतील मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई करतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही त्याच अर्थाचा निर्णय दिला. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं २०२१ सालीं वेगळ्या नोंदणीचे नियम झाले खरे. पण ते खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांपुरते आहेत, आणि चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी त्यांत अट आहे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढें चालूं राहत नाहीं; त्यांत परिवहन महामंडळांच्या बसही येतात, आणि त्या अधिकृत मोडणीकेंद्रांत मोडाव्या लागतात. तेव्हां गाडी विकत घेण्यापूर्वींच प्रादेशिक परिवहन कार्यालयांत चौकशी करणें शहाणपणाचें.

रस्त्यावर न धांवणाऱ्या बसचें रूपांतर त्या मानानें सोपें. पुण्यास २०१६ पासून निकामी बसगाड्यांची स्त्रियांसाठीं स्वच्छतागृहें करण्यांत आलीं, हें त्याचें उत्तम उदाहरण होय. वाचनालय, मुलांचा खेळवर्ग, बागेंतील बैठक असे उपयोगही सुचण्यासारखे आहेत. उभ्या गाडीचें वजन मात्र टायरांवर ठेवूं नये; चेसिसखालीं पक्के ठोकळे द्यावे. चालती गाडी राहण्याजोगी करावयाची असल्यास वजनाचा हिशेब आधीं मांडावा. दोनशें लिटर पाणी म्हणजे दोनशें किलो ओझें. तें छपरावर चढविलें तर वळणावर गाडी कलते, म्हणून टांकी शक्य तितकी खालीं व दोन्ही बाजूंस सारखा भार पडेल अशी बसवावी.

मुंबईच्या रस्त्यांवर १९३७ पासून दिसणारी बेस्टची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजीं आपल्या जुन्या डिझेल रूपांत शेवटची धांवली, तेव्हां निरोप देण्यास लोकांची गर्दी लोटली होती. तिच्या जागीं विजेवर चालणाऱ्या दुमजली गाड्या आल्या आहेत, आणि बेस्टचें स्वतःचें संग्रहालय आणिक आगारांत आहे. लांकडी बॉडीच्या बसला असा निरोप मिळाला नाहीं. ती केव्हां नाहींशी झाली हें कोणाच्या ध्यानींही आलें नाहीं. म्हणून नियम असा धरावा: गाडी अलीकडची असेल व तिच्यासारख्या पुष्कळ शिल्लक असतील, तर तिचें खुशाल रूपांतर करावें. पण लांकडी खांबांची, काथ्याच्या आसनांची गाडी एखाद्या शेताच्या कडेला सांपडलीच, तर तिच्यावर नव्या कल्पनांचा प्रयोग करूं नये. ज्या सुतारांनीं ती बांधली त्यांनीं कामाचे नकाशे मागें ठेविले नाहींत. त्यांची सारी विद्या त्या सांध्यांतच आहे, आणि ते सांधे एकदां तोडले म्हणजे ती पुन्हां शिकविणारें कोणी उरत नाहीं.