आपल्या घरास वीज किती लागते?

अंजनवेलीच्या गोपाळगडावर उभें राहिलें म्हणजे एका बाजूस वासिष्ठीचें मुख, पलीकडे दाभोळ व अलीकडे वीज-प्रकल्पाचीं उंच धुराडीं दृष्टीस पडतात. प्रकल्पास नांव मिळालें दाभोळचें, पण तो उभा आहे खाडीच्या अंजनवेलीकडील तीरावर! मे १९९९ मध्यें त्याचा पहिला टप्पा चालू झाला आणि २००१ सालीं तो बंदही पडला. यंत्रें मोडलीं म्हणून नव्हे. विजेच्या किंमतीवरून कंपनीचें व राज्य वीज मंडळाचें फाटलें म्हणून. मंडळानें वीज उचलली नाहीं तरी क्षमतेबद्दलचा ठराविक आकार त्यानें भरावा, असा करार होता. आणि तो आकार मंडळास पेलेना. पुढें २००५ सालीं स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे प्रकल्प गेला. त्याची क्षमता सुमारें १,९६७ मेगावॅट आहे. एवढें मोठें विजेचें घर दाराशीं असतां, "तुमच्या घरास वीज किती लागते?" असें कोणास विचारिलें तर बहुधा बिलाचे रुपये सांगण्यांत येतात; युनिटें क्वचितच.

हल्लीं छपरावर सोलर बसविण्याचें बोलणें घरोघर चाललें आहे, म्हणून हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा राहिलेला नाहीं. आंकडा चुकला तर कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षें भरावे लागतात. गरजेहून मोठी व्यवस्था करून तिचें देणें देत बसणें मंडळासही जड गेलें, तेथें गृहस्थाची काय कथा?

प्रथम वॅट आणि युनिट यांतील भेद ध्यानांत घ्यावा. आगरांत पाटाचें पाणी येतें. तें किती जोरानें येतें ही एक गोष्ट, आणि सायंकाळपर्यंत हौदांत किती सांचलें ही दुसरी. वॅट म्हणजे पाटाचा जोर. युनिट म्हणजे हौदांतील पाणी. १,००० वॅटांचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट खर्च होतें. इस्त्री हजार वॅटांची, पण चालते पाव तास. पंखा ७५ वॅटांचा, पण रात्रभर फिरतो. म्हणून इस्त्रीचा धाक वाटतो आणि बिल वाढवितो पंखा.

हें पडताळून पाहण्यास प्रयोगशाळा नको. नव्या पद्धतीच्या मीटरावर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो, आणि किती लुकलुकींस एक युनिट हें मीटरावरच छापलेलें असतें. समजा, तेथें ३,२०० हा आंकडा आहे आणि एका मिनिटांत दिवा १६ वेळां लुकलुकला; तर तासास ९६० लुकलुकी, म्हणजे ०.३ युनिट झालें. अर्थात् त्या वेळीं घर ३०० वॅट ओढीत आहे. मग एकेक बटण बंद करीत जावें व पुनः मोजावें. सर्व बटणें बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर काय चालू राहिलें, याचा शोध घेण्यांत मुलांची एक संध्याकाळ आनंदांत जाईल.

आतां एका मध्यम घराचा हिशेब मांडूं. ९ वॅटांचे ५ एलईडी दिवे ५ तास, म्हणजे पाव युनिटाहून किंचित् कमी. ७५ वॅटांचे ३ पंखे दहा तास, म्हणजे सव्वादोन युनिटें. फ्रीज सुमारें एक युनिट. टीव्ही चार तास, एकतृतीयांश युनिट. विहिरीवरील पंप अर्धा तास, अर्धें युनिट. इस्त्री व मिक्सर मिळून पुनः एकतृतीयांश. बेरीज दिवसाची साडेचारांच्या वर, व महिन्याची सुमारें १४० युनिटें. यांतील निम्मा खर्च एकट्या पंख्यांचा आहे! तेच तीन पंखे नव्या बीएलडीसी जातीचे, सुमारें ३० वॅटांचे, घेतले तर महिन्यास ४० युनिटें वांचतात आणि घर शंभराच्या आंत येतें. शंभराचा हा उंबरठा महत्त्वाचा आहे. कारण महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांनंतरचीं युनिटें बरींच महाग पडतात.

एवढें झाल्यावर मग छपराकडे पहावें. एक किलोवॅटचीं पॅनेलें आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनें दिवसास सुमारें चार युनिटें देतात. म्हणजे पंखे बदललेल्या वरील घरास एक किलोवॅट पुरतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सुरू केलेल्या सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांपर्यंत दर किलोवॅटास ३०,००० रुपये, व तीन किलोवॅट किंवा अधिक असल्यास एकूण ७८,००० रुपये साहाय्य ठरविलें आहे. मोठा आंकडा पाहून तीन किलोवॅट बसविण्याचा मोह होतो. विकणाराही तसेंच सुचवितो. परंतु साहाय्य वजा जातां उरलेली रक्कम आपणांसच भरावयाची असते, आणि वर्षाखेर उरलेल्या युनिटांस मिळणारा भाव आपल्या खरेदीच्या भावाहून कमी असतो. पुढें विजेवर स्वयंपाक करावयाचा किंवा विजेवरील दुचाकी घ्यावयाची असा निश्चय असेल तर गोष्ट निराळी. आषाढ-श्रावणांत ढगांमुळें उत्पन्न निम्म्यावर किंवा त्याहूनही खालीं येतें. तेव्हां ग्रीष्मांतील जमा युनिटांचा नेट मीटरमुळें उपयोग होतो.

कोंकणांत जागेचाच प्रश्न अधिक बिकट. एका किलोवॅटास सुमारें शंभर चौरस फूट जागा लागते. तोंड दक्षिणेस असावें, आणि उतार अक्षांशाएवढा, म्हणजे येथें साडेसतरा अंशांच्या आसपास. पण दक्षिणेस माड उभा असला तर? पॅनेलांतील घटक एकामागून एक जोडलेले असतात. अरुंद बांधावरून एका ओळींत चालणाऱ्या माणसांत एक जण थबकला कीं मागचे सारे थांबतात, तसें एका झावळीच्या सावलीनें सबंध ओळीचें उत्पन्न घटतें. याकरितां सकाळीं नऊपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत दर तासास छपरावर सावली कोठें पडते, तें मुलांनीं कागदावर आंखून ठेवावें. जुनें कौलारू छप्पर वाऱ्यांत हा भार सोशीलच असें नाहीं. निराळा लोखंडी सांगाडा करावा, तोही जस्ताचा मुलामा दिलेला, कारण खाऱ्या हवेंत साधें लोखंड लवकर सडतें. माकडांचा उपद्रव असेल तेथें तारा नळींतून न्याव्या, हें सांगावयास नको.

एक गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें, तेव्हां दापोली-मंडणगडाकडील कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत होतीं. अशा वेळीं आपल्या छपरावर सोलर असलें तरी, तें केवळ महावितरणच्या तारांशीं जोडलेलें असल्यास, भर उन्हांतही घरांत वीज येत नाहीं! तारेंतील वीज गेली कीं इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो. हा त्याचा दोष नव्हे. खांबावर चढून तुटलेली तार जोडणाऱ्या वायरमनच्या हातीं आपल्या छपरावरील वीज जाऊं नये, म्हणून केलेली ती योजना आहे.

वादळांतही दिवा हवा असेल तर बॅटरी व तीस योग्य असा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचाही हिशेब वरच्यासारखाच. दोन नवे पंखे व चार दिवे मिळून ९६ वॅट. सहा तासांस सुमारें ५८० वॅट-तास. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरींत १,८०० वॅट-तास मावतात, परंतु निम्म्याहून अधिक उपसल्यास तिचें आयुष्य घटतें. तेव्हां एक बॅटरी एका रात्रीस पुरते. फ्रीज किंवा पंप तीवर लावण्याचा हट्ट धरूं नये. साध्या बॅटरींत अधूनमधून शुद्ध पाणी घालावें लागतें. आंत तेजाब असल्यामुळें तें काम थोरांनींच करावें. तारीख भिंतीवर लिहून ठेवण्याचें मुलांकडे द्यावें.