सायकलवरून आलेलं हसू

आमच्या गावात तंबूतला सिनेमा यायचा तो सुगी आटोपल्यावर. सैलानी बाबांच्या यात्रेत गल्ला जमवून झाला, की तंबूवाला चिखली-मेहकरकडची गावं घेत निघायचा. आमच्याकडे ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत त्याचा चार दिवस मुक्काम. मधोमध दोर, दोरावर कनात. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की खेळ थांबायचा. तेवढ्यात बायका पोरांना मांडीवर निजवून घ्यायच्या, ओटीतले फुटाणे काढायच्या.

'लव्ह इन टोकियो' मी तिथेच पाहिला. चित्रपट १९६६ सालचा, आमच्या ओढ्यापर्यंत यायला त्याला चार-पाच वर्षं लागली. मी दहा-अकरा वर्षांची असेन. जॉय मुखर्जी आणि आशा पारेख यांचं काय झालं ते आता आठवत नाही. आठवतो तो मेहमूद. प्रेयसीच्या जवळ जाता यावं म्हणून तो चक्क जपानी गेशाचा वेश घेऊन येतो. तो तसा पडद्यावर आला आणि माझ्या शेजारून एक मोठ्ठा आवाज निघाला. वळून पाहिलं तर माझी आई हसत होती. तोंडाला पदर न लावता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आईचं हसणं इतकं मोठं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी परतताना आजीनं ऐकवलंच. "बाईच्या जातीनं इतकं खिदळू नये सूनबाई. लोकं काय म्हनतीन?" आई काही बोलली नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा फुसफुसत हसायला लागली आणि मला म्हणाली, "मेहमूद त मेहमूद, पन ते पोरगी पाह्यली का? त्याच्या बरोबरीनं उभी होती!"

ती पोरगी म्हणजे शुभा खोटे.

पुढे बँकेत नोकरी लागली, बदल्या झाल्या, लिहिणं सुरू झालं. पण आईचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. बरोबरीनं उभी होती. आईनं सिनेमाची समीक्षा कधी वाचली नव्हती, तरी शुभाताईंबद्दल जे सांगायचं ते तिनं त्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

शुभाताईंचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, मुंबईचा. वडील नंदू खोटे मराठी रंगभूमीवरचे नट. दुर्गाबाई खोटे या नात्यानं काकू. त्यामुळे 'चांगल्या घरच्या मुलीनं तोंडाला रंग लावावा का' ही लढाई दुर्गाबाईंनी १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'च्या आगेमागेच लढून ठेवली होती. शुभाताई चौथ्या वर्षीच रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुढे विल्सन कॉलेजात शिकल्या, इंग्रजी साहित्याच्या पदवीधर झाल्या. पण लोकांनी त्यांना आधी ओळखलं ते नटी म्हणून नव्हे, खेळाडू म्हणून. १९५२ ते १९५५ या काळात पोहणं आणि सायकलिंग या दोन्हींत त्या मुलींमधल्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. नऊवारीतल्या माझ्या आजीला कुणी सांगितलं असतं, की एक मराठी मुलगी पोहून आणि सायकल चालवून बक्षिसं मिळवते, तर तिनं सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

ही सायकलच त्यांना सिनेमात घेऊन आली. अमिय चक्रवर्ती यांच्या १९५५ सालच्या 'सीमा'त नूतन आणि बलराज साहनी यांच्याबरोबर ही अठरा वर्षांची मुलगी पुतली होऊन आली. नूतनला त्या चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळालं. पुतलीला काही मिळालं नाही, पण सायकलवर तोल सांभाळणारं ते चपळ अंग मात्र पुढे प्रत्येक भूमिकेत दिसत राहिलं. विनोदात वेळ साधणं म्हणतात ते बहुतेक असंच पायातून येत असावं.

त्या काळी हिंदी पडद्यावर विनोदी बाई म्हटलं की टुणटुण. मूळची गायिका उमादेवी. १९४७ च्या 'दर्द'मध्ये गायलेली, १९५० च्या 'बाबुल'पासून विनोदी भूमिकांत गेलेली. गुणी बाई होती, यात शंका नाही. पण लेखकांनी तिच्या देहाशिवाय दुसरं काही पाहिलंच नाही. ती दारातून आली की लोक हसत; तिनं काही बोलायची गरजच ठेवली नव्हती. अशा वेळी एक सडपातळ, देखणी, शिकलेली मुलगी आली, आणि तिच्या दिसण्याला हसायचं काही कारणच उरलं नाही. हसायचं ते ती करते त्याला, बोलते त्याला.

खरं तर त्यांना नुसत्या विनोदी नटी म्हणणं अन्यायाचं आहे. १९५७ च्या 'पेइंग गेस्ट'मधली त्यांची चंचल आठवा. वयस्क, पैसेवाल्या नवऱ्याशी लग्न करून बसलेली आणि मग मैत्रिणीच्या नवऱ्यावर, म्हणजे देव आनंदवर, डोळा ठेवणारी. त्याच वर्षीच्या 'देख कबीरा रोया'त त्या तीन नायिकांतल्या एक. १९५९ च्या 'दीदी'त तर सुनील दत्तच्या नायिका. साहिरचं आणि सुधा मल्होत्रांनी स्वतः चाल लावलेलं त्यातलं द्वंद्वगीत रेडिओवर अजून लागतं; ते पडद्यावर शुभाताईंच्या वाट्याला आलं होतं, हे मात्र ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसतं.

'छोटी बहन' १९५९ चाच. तिथून मेहमूदबरोबरची जोडी जमली, आणि बापाच्या भूमिकेला धुमाळ मिळाले की त्रिकूट पुरं व्हायचं. 'ससुराल', 'जिद्दी', 'लव्ह इन टोकियो'. कथा बहुधा तीच: पोरगा लंपट-भाबडा, बाप तिरसट आणि पोरगी दोघांनाही पुरून उरणारी. मेहमूद हा समोरच्याला खाऊन टाकणारा नट. भल्याभल्या नायकांना त्याच्याबरोबर प्रसंग करायची धास्ती वाटे, असं म्हणतात. शुभाताई त्याच्यासमोर आवाज चढवत नाहीत, हातवारे वाढवत नाहीत. तो दंगा करत असताना किंचित मान वळवून थांबतात, आणि तो दम घ्यायला थांबला की एक वाक्य टाकतात. माझ्या आईला तेच आवडलं होतं. आमच्याकडच्या बायका नवऱ्यासमोर अशाच हसू दाबून उभ्या असायच्या. फक्त ते पुढचं वाक्य टाकायची मुभा त्यांना नव्हती.

१९६१ च्या 'घराना' आणि 'ससुराल' या दोन चित्रपटांसाठी शुभाताईंना फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या पुरस्काराची नामांकनं मिळाली. एकाच वर्षी दोन! पुरस्कार गेला निरुपा रॉय यांना, 'छाया'साठी. पोटच्या मुलीला दुसऱ्याच्या दारात ठेवून तिथेच आया म्हणून राबणारी आई. निरुपाबाईंचं काम चांगलं होतं, तक्रार नाही. पण आपल्याकडे रडणाऱ्या बाईला पारडं जड, हे तेव्हापासूनचं. विनोदी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार फिल्मफेअरनं सुरू केला तो १९६७ मध्ये, आणि तोही वर्षानुवर्षं पुरुषांच्याच हातात राहिला.

पुढे मेहमूदच्या जोडीला इतर नायिका आल्या. शुभाताईंनी १९६८ मध्ये 'चिमुकला पाहुणा' हा मराठी चित्रपट स्वतः काढला आणि दिग्दर्शितही केला. त्या काळात मराठी चित्रपटाच्या दिग्दर्शकाच्या खुर्चीत किती बायका बसल्या होत्या, ते आठवून पाहा. त्यांचे यजमान दिनेश बलसावर हे एका मोठ्या कंपनीतले अधिकारी. तेही त्यात क्षणभर दिसतात.

मी बँकेत लागले ते वर्ष १९८१. खोलीपासून शाखा दोन मैल. मी सायकल घेतली. पहिल्या दिवशी शाखेच्या दारात उतरले, तर शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे खिडकीत. एका बाईनं सायकलवरून येणं 'शाखेच्या प्रतिष्ठेला' शोभत नाही, असं मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं. आणि काउंटरवर हसून बोलू नये, हेही. सायकल मी सोडली नाही. हसणं मात्र सोडलं, हे कबूल करते. तीस वर्षांनी निवृत्तीच्या समारंभात एका सहकाऱ्यानं 'मॅडम कडक होत्या' असं सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच वर्षी 'एक दूजे के लिए' आला. आईला घेऊन खामगावला गेले. के. बालचंदर यांचा चित्रपट, आणि रती अग्निहोत्रीची आई झाल्या होत्या शुभाताई. शेजारच्या तमिळ मुलावर प्रेम करणाऱ्या लेकीच्या हातातला त्याचा फोटो ही आई जाळते, आणि लेक ती राख चहात मिसळून पिऊन टाकते. थिएटरातल्या बाया बोटं मोडत होत्या. आई मात्र गप्प. बाहेर आल्यावर म्हणाली, "हासनारी बाई इतकी कठोर कशी झाली वं?" मला उत्तर सुचलं नाही. आज वाटतं, ते कसबच होतं. ज्या बारकाईनं वेळ साधून त्या हसवत, त्याच बारकाईनं त्यांनी तो फोटो काडीला लावला.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर 'जबान सँभालके' लागायची. पंकज कपूर हिंदीचे मास्तर, आणि संस्थेच्या कडक बाई शुभाताई. त्याच मालिकेत त्यांचे धाकटे भाऊ विजू खोटे, 'शोले'तला कालिया, आणि त्यांची मुलगी भावना बलसावर. एका घरातली तीन माणसं एकाच खोलीत लोकांना हसवत होती. विजूभाऊ २०१९ साली गेले. सगळ्या देशाला त्यांचं एक वाक्य पाठ आहे. बहिणीचं तसं एकही वाक्य कुणाला पाठ नाही, कारण त्यांचं काम वाक्यात नव्हतंच. दोन वाक्यांमधल्या थांबण्यात होतं.

माझ्या कादंबऱ्यांबद्दल एका वाचक बाईंनी मला पत्र लिहिलं होतं: तुमच्या बायका सोसतात फार, पण हसत का नाहीत? मी ते पत्र जपून ठेवलंय. उत्तर अजून दिलेलं नाही.

'टॉयलेट : एक प्रेम कथा' २०१७ चा. टीव्हीवर लागला तेव्हा आई ऐंशीच्या पुढची होती, माणसं ओळखण्यात गोंधळ व्हायचा. आमच्या भागात घरात संडास नको म्हणणारे सासरे तिनं खूप पाहिले होते, म्हणून मीही मुद्दाम तिला समोर बसवलं. त्यातली म्हातारी आजी दारात पडते, दुखावते, शेतात जाणं होत नाही आणि मुकाट घरातल्याच संडासात जाते. मुलाचा सनातनी हट्ट तिथे मोडतो. ही आजी म्हणजे शुभाताई. मी काही बोलले नव्हते. आई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "तेच पोरगी हाये ना थे? टोकियोची?"

आणि हसायला लागली. सवयीनं पदर तोंडाशी नेला, मध्येच थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पदर खाली सोडून दिला.