अंबरनाथच्या शिल्पांचा चोर कोण?

गावात चोरी झाली की देवऋषी गाठायचा, ही जुनी रीत. तो संशयितांना मंतरलेले तांदूळ चघळायला लावी. ज्याच्या तोंडातले तांदूळ कोरडे राहिले, तो चोर. भीतीने तोंडाला कोरड पडते, एवढंच त्यामागचं इंगित. पण आळ येईल या धास्तीने निर्दोष माणसाच्या तोंडचंही पाणी पळतं. महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं हा गुन्हाच आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिरात जी चोरी चालू आहे, तिची तर फिर्यादही कुणी दिलेली नाही. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं हे देऊळ. शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० सालाची नोंद आहे. बाहेरच्या भिंतींवरच्या कित्येक मूर्तींचे चेहरे पुसट झालेत, दागिन्यांचे मणी सपाट झालेत. साडेनऊशे पावसाळ्यांचा यात वाटा आहेच. पण शेजारून वालधुनी नदी वाहते, आणि तिचं पाणी आता पाणी राहिलेलं नाही. तिच्यात सोडलेल्या रसायनांतून निघणारे आम्लधर्मी वायू दवात, पावसात विरघळतात आणि काळ्या दगडातल्या खनिजांची हळूहळू माती होते. क्षार छिद्रांत शिरून तिथे स्फटिक धरतात, की पापुद्रे सुटतात. पावसाने किती नेलं आणि रसायनाने किती, हे मोजमापानेच ठरेल.

नदीचे गुन्हेगार शोधायलाही दिव्यदृष्टी लागत नाही. घातक रासायनिक सांडपाणी नियमाप्रमाणे विल्हेवाट केंद्रात न्यायचं तर पैसे मोजावे लागतात. नाल्याकाठी रात्री टँकरचा व्हॉल्व्ह उघडला की ते वाचतात. नोव्हेंबर २०१४मध्ये उल्हासनगरात असंच रसायन वालधुनीत सोडलं गेलं आणि शेकडो रहिवाशांना श्वास कोंडल्याने रुग्णालयात न्यावं लागलं. झोपेतून उठून धावत सुटलेल्या त्या माणसांचा काय दोष होता? पुढच्याच वर्षी ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पालिकांसह सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर सुमारे ९५ कोटींची भरपाई लावली.

अशा घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेला मॅनिफेस्ट लागतं: कुठून निघाला, किती भरला, कुठे उतरला. कारखान्याच्या उत्पादनाशी ते आकडे ताडले, टँकरचा जीपीएस आणि टोलनाक्यावरचं चित्रण पाहिलं, नदीतला नमुना वेळेत उचलला, की माग थेट कारखान्याच्या फाटकापर्यंत जातो. हे काम रोज, न कंटाळता व्हायला हवं.

शिल्पांच्या बाजूनेही पुरावा आहे. १८६८मध्ये मुंबई सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या टेरी यांच्या देखरेखीखाली इथे पथक धाडलं. त्यांनी मंदिराची रेखाटनं केली, कोरीवकामाचे साचे घेतले. त्यांतले जे साचे टिकून असतील ते आजच्या लेझर स्कॅनशेजारी ठेवून किती मिलिमीटर दगड गेला हे मोजता येईल, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा मोजता येईल. पुरातत्त्व खात्याने आणि प्रदूषण मंडळाने हे एकत्र बसून करावं. दोघांच्या फायली आज वेगवेगळ्या कपाटांत आहेत.