माहेर नसलेली सून

आवणी उरकते, हातापायांचा चिखल धुतला जातो आणि राजूरकडच्या वाड्यावस्त्यांवर पंचमीचे वेध लागतात. कुणाचा भाऊ न्यायला येतो, कुणाला आईचा निरोप येतो. जिला न्यायला कुणीच येणार नसतं, त्या सुनेकडे त्या दिवशी कधी निरखून पाहिलंय का तुम्ही?

विषय काढला, कारण शेतकऱ्याच्या मुलाला हल्ली मुलगी मिळेनाशी झाली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. मग कुणीतरी सुचवतं, ‘आश्रमातली मुलगी बघा की!’ जरूर बघा. पण तिच्या पाठीशी कुणी नाही, म्हणजे मुकाट राबेल, असा हिशेब मनात असेल तर जाऊ नका. सून म्हणजे राजूरच्या प्रदर्शनातलं डांगी जनावर नव्हे. आणि तीही तुम्हाला पारखणारच. नको म्हणायचा हक्क तिलाही आहे.

सिंधुताई सपकाळांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. पोटुशी असताना नवऱ्याने घराबाहेर काढलं, गोठ्यात लेक जन्मली, आणि माहेरानेही दार लावून घेतलं. त्याच बाईने पुढे चिखलदऱ्याला मुलींचं वसतिगृह उभारलं, कितीक पोरक्या लेकींची लग्नं लावली. आपले दोनशेवर जावई आहेत, असं त्या अभिमानाने सांगत. ४ जानेवारी २०२२ रोजी माई गेल्या, तेव्हा त्या साऱ्या लेकींचं माहेर हळहळलं.

नवऱ्याने कितीही जीव लावला, तरी रुसून जायला एक दार लागतंच, नाही का? तेव्हा दिवाळीला तिला तिच्या संस्थेत धाडा. सोबत घरचे तांदूळ द्या. पहिलं बाळंतपण सासूने आईच्या मायेने करावं. शिवाय १९९२ च्या लक्ष्मीमुक्तीच्या शासकीय परिपत्रकाने नवऱ्याला हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्यासाठी गावोगाव मोहीम केली होती. पोरक्या मुलीला अमुक गटात आपलं नाव आहे, एवढं कळलं तरी तिचं पाऊल घरात वेगळं पडतं.

आणि पंचमीला? शेजारचा एखादा मुलगा भाऊ म्हणून उंबऱ्याशी येऊ द्या. दोन घरं पलीकडे का होईना, एक रात्र तिला माहेरी जाऊ द्या.