सैल बांधलेला दोरा

मे संपत आला की हिंजवडीत वीजतारांना लागणाऱ्या फांद्या छाटल्या जातात. गेल्या वर्षी त्या ढिगातून आमच्या सोसायटीतल्या मुलामुलींनी वडाची एक फांदी उचलली. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंच. ती लावायची कशी, हे गेटवरच्या वॉचमन काकांनी शिकवलं. ते मूळचे बीडकडचे.

आधी पानं आणि बारीक डहाळ्या काढल्या. बुडाला कोयत्याने तिरपा छेद दिला, तसा पांढरा चीक ठिबकू लागला. "लगेच लावू नका, चीक वाळू द्या," काका म्हणाले. दोन दिवस फांदी सावलीत राहिली. वरच्या टोकाला शेणमाती लिंपली, नाहीतर तिथून ओल उडते. दोन फूट खड्डा घेतला, फांदी उभी केली आणि माती पायाने दाबदाबून बसवली. आत पोकळी राहिली तर मूळ धरत नाही. वटपौर्णिमेला आम्ही विकत आणतो ती डहाळी करंगळीएवढी असते. ती क्वचितच जगते, दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते.

झाड बागेत नको, गेटबाहेर हवं, हे मुलांनीच ठरवलं. आम्ही दिवसभर एसीत बसतो. उन्हात असतात काका, रिक्षावाले, डिलिव्हरीची पोरं. आमच्या एसीची गरम हवाही त्यांच्याच वाट्याला येते. जगाचंही असंच आहे. कार्बन उत्सर्जनात आफ्रिकेचा वाटा सुमारे ४ टक्के, पण दुष्काळ तिथल्या शेतकऱ्याच्या दारात. तिथली तरुण मुलं चर्च-मशिदींतल्या माणसांना सोबत घेऊन याचाच जाब श्रीमंत देशांना विचारतात.

केनियाच्या वांगारी मथाईंना लहानपणी आईने बजावलं होतं, मुगुमोचं सरपण आणायचं नाही, ते देवाचं झाड आहे. मुगुमो आपल्या वडा-उंबराच्याच कुळातला. पुढे ते झाड तोडलं गेलं आणि जवळचा झरा आटला. मथाईंनी १९७७ मध्ये 'ग्रीन बेल्ट' चळवळ उभी केली, २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. उंबराखाली पाणी असतं, त्याला कुऱ्हाड लावू नये, हे आपल्याही आज्या सांगत आल्या. मुळशीतल्या देवराया त्याच श्रद्धेने राखल्या गेल्या. श्रद्धेने झाडं वाचली, तशी ती लावलीही जावीत, एवढंच माझं मागणं आहे.

लावल्यावर काही आठवड्यांनी आमच्या फांदीवर लालसर कोंब फुटले. यंदा वटपौर्णिमेला आम्ही डहाळी विकत आणली नाही, ताट घेऊन गेटबाहेर गेलो. मी सूत ओढून गाठ मारणार, तोच काका खुर्चीवरून उठून आले.

"सैल बांधा ताई. खोड अजून भरायचंय."