ट्राफल्गार चौकाखालचे सिंह

लंडनच्या ट्राफल्गार चौकात १८६७ पासून काशाचे चार सिंह बसले आहेत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथे इमारतींचे पाये खणताना खऱ्या सिंहाची हाडं निघाली. सोबत पाणघोडे, गेंडे, सरळ सुळ्यांचे हत्ती. वय सुमारे सव्वा लाख वर्षं. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर पाच हजार पिढ्या. आपल्याला पणजोबांच्या पलीकडचं नाव आठवत नाही! तेव्हा टेम्सकाठी गवताळ कुरणं होती. जगाचं सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने जेमतेम अंशभर जास्त. (पृथ्वीच्या कक्षेमुळे उत्तरेकडचे उन्हाळे मात्र बरेच कडक.) पाणघोड्याला लंडन मानवायला तेवढं पुरलं.

त्याच्याही आधी, साडेचार लाख वर्षांपूर्वी, बर्फाची चादर आजच्या लंडनच्या हॉर्नचर्च भागापर्यंत आली होती. टेम्स तोवर आणखी उत्तरेकडून वाहायची. बर्फाने तिला ढकलत आजच्या पात्रात आणून सोडलं.

पण डोकं गरगरतं ते या सगळ्याखालच्या थरात. भुयारी रेल्वेचे कितीतरी बोगदे ज्या निळसर-करड्या चिकणमातीतून गेलेत, ती जागोजागी दीडशे मीटर जाड आहे आणि वय सुमारे पाच कोटी वर्षं. म्हणजे वीस लाख पिढ्या. पाणघोड्यांच्या चारशे पट जुनी. टेम्सच्या मुखाशी शेपी बेटावर या मातीचे कडे समुद्रात ढासळतात आणि वाळूत काळसर, जड जीवाश्म फळं सापडतात. त्यात निपा पामची फळंही असतात. हा पाम आज सुंदरबनच्या खाडीत वाढतो. एलिनॉर रीड आणि मार्जोरी चँडलर यांनी १९३३ साली या फळाबियांवर जाडजूड ग्रंथ काढला. आजवर तीनशेहून अधिक जाती ओळखल्या गेल्यात. म्हणजे तेव्हा इथलं वर्षाचं सरासरी तापमान पुण्याच्या आसपास! ब्रिटन तेव्हा थोडं दक्षिणेला, साधारण आजच्या माद्रिदच्या अक्षांशावर होतं हे खरं. पण माद्रिदला कुठे निपा उगवतो? खरं कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो आजच्यापेक्षा खूपच जास्त होता.

ही फळं टिकली ती त्यांच्यात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) भरल्यामुळे, आणि नासतातही त्यानेच. दमट हवा लागली की पायराइटचं आम्ल होतं आणि फळाचा भुगा पडतो. म्हणून संग्रहालयात ती सिलिकोन तेलात बुडवून ठेवतात.