निरीक्षणात्मक अध्ययन

दुसऱ्याची कृती लक्षपूर्वक पाहून, ती स्मृतीत साठवून व पुढे स्वतः करून कौशल्य आत्मसात करण्याच्या प्रक्रियेस निरीक्षणात्मक अध्ययन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट बँडुरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ मध्ये अवधान, धारणा, कृतीचे पुनरुत्पादन व प्रेरणा असे तिचे चार घटक सांगितले. आखाड्यांत व मल्लखांबाच्या तालमींत ही रीत शास्त्रीय नावाविनाच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

परंतु डोळ्यांना दिसते तेवढीच कृती नसते. याचे बोलके उदाहरण मावळ तालुक्यातील लोणावळे येथील कैवल्यधाम या संस्थेच्या कार्यात आढळते. संस्थापक स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामविद्येचे आणि मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतले. १९२४ मध्ये कैवल्यधाम व योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. त्याच सुमारास त्यांनी उड्डियान व नौली या क्रिया क्ष-किरणांच्या व दाबमापनाच्या साहाय्याने तपासल्या.

उड्डियानात पोट खोल आत गेलेले दिसते. त्यामुळे केवळ पाहून शिकणारा पोटाचे स्नायू आवळू लागतो आणि क्रिया फसते. वस्तुतः पूर्ण उच्छ्वासानंतर श्वासमार्ग बंद ठेवून छाती फुगवावयाची असते. हवा आत न आल्याने मध्यपटल वर चढते व सैल सोडलेले पोट आपोआप आत ओढले जाते. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, असे मापनात आढळले. या अंशतः निर्वातास कुवलयानंदांनी गुरूंच्या स्मरणार्थ ‘माधवदास निर्वात’ हे नाव दिले. बस्तिक्रियेत पाणी वर का चढते, याचा उलगडाही त्यातून झाला. अशा क्रियांत नजरेपेक्षा नेमकी सूचना व शरीराच्या आतून होणारी स्नायुसंवेदनाच अधिक उपयोगी पडते.

म्हणून निरीक्षण गौण ठरते असे नव्हे. पाहणाऱ्याचा पूर्वानुभव मात्र निर्णायक असतो. चेस व सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निष्णात बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातील मांडणी काही सेकंद पाहूनही नवशिक्यांपेक्षा पुष्कळच चांगली आठवली. सोंगट्या वाटेल तशा मांडल्यावर हे श्रेष्ठत्व जवळजवळ उरले नाही. त्यांची स्मृती असामान्य नव्हती; अर्थपूर्ण रचना ओळखण्याची सवय होती. लोणावळ्याजवळील नागफणीच्या कड्यावर चढणारा मुरब्बी प्रस्तरारोहक पायथ्यापासूनच खाचा व भेगा हेरून चढाईचा क्रम मनात बसवितो. नवख्यास तेथे नुसता कातळ दिसतो.

शाळेत याची जाणीव क्वचितच ठेवली जाते. शिक्षक एकदा प्रात्यक्षिक दाखवितात आणि सारा वर्ग अनुकरणास लागतो. कृती संथपणे, तुकड्यातुकड्यांनी दाखविणे, काय पाहावे हे आधी सांगणे व मुलांकडून तिचा क्रम वदवून घेणे हितावह ठरते. लेझीम शिकविताना शिक्षक वर्गासमोर तोंड करून उभा असल्यास मुलांचा डावा-उजवा गोंधळ होतो. अशा वेळी त्याने पाठमोरे उभे राहावे किंवा स्वतःच्या बाजू उलट कराव्यात.